मालिकांतली माणसं आणि ती उभी करणारे नट : बडोद्याच्या रविवारच्या कट्ट्याला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दांडिया बाजाराच्या आतल्या एका गल्लीत आम्ही काही मराठी मंडळी रविवारी संध्याकाळी जमतो आणि पाहिलेल्या मालिकांवर बोलतो. नव्यानं येणारे लोक साधारण तेच ते प्रश्न विचारतात, कधी फोनवर, कधी जिन्यातच. त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून काढावीत म्हणून हे पान. मतं माझी आहेत. कट्ट्यावर ती सगळ्यांना पटतात असं नाही आणि पटावीत असा आग्रहही नाही.

तुम्ही नेमकं कशावर बोलता?

पात्रांवर आणि अभिनयावर. पुढे काय होणार, कुणाचं लग्न कुणाशी लागणार, टीआरपी किती, हे आम्ही लांबवत नाही. एखादा माणूस पडद्यावर खरा का वाटतो, त्यासाठी लेखकानं काय दिलं आणि नटानं त्यात काय घातलं, एवढ्यावर दीड तास सहज जातो. मालिका मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी, कुठलीही चालते. बोलणं मराठीत. अर्थात ते बडोद्याचं मराठी, मध्येच गुजराती शब्द येणारच.

एखाद्या पात्राचा इतका राग येतो की ते काम करणाऱ्याचं तोंड बघू नये असं वाटतं. हे अभिनयाचं यशच नाही का?

अर्धं यश. उरलेला अर्धा भाग आपण बघणाऱ्यांनी सांभाळायचा असतो.

पात्र आणि नट यांची सरमिसळ किती दूर जाते हे बडोद्यानं फार जवळून पाहिलं आहे. १९८७ मध्ये दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं. त्याचं चित्रीकरण आपल्याच गुजरातेत, उमरगावला झालं होतं. सीतेचं काम करणाऱ्या दीपिका चिखलिया १९९१ मध्ये बडोद्यातून भाजपच्या उमेदवार म्हणून लोकसभेवर निवडून आल्या. त्याच निवडणुकीत रावणाचं काम करणारे अरविंद त्रिवेदी साबरकांठ्यातून निवडून आले. पुढे १९९६ मध्ये 'महाभारत'मधले कृष्ण, आपले नीतीश भारद्वाज, जमशेदपूरमधून जिंकले. ज्यांनी तेव्हा सीतेला मत दिलं त्यातल्या एक आजी आमच्याकडे येतात. त्या अजूनही दीपिकाबेनना 'सीतामाई'च म्हणतात आणि ते म्हणताना हात जोडतात. त्यांच्या श्रद्धेला माझा पूर्ण मान आहे. पण अभिनयावर बोलायचं तर मी त्यांना अरविंद त्रिवेदींकडे न्यायला बघते. हा माणूस गुजराती रंगभूमीवर आणि चित्रपटांत तयार झालेला. त्या जड मुकुटाखाली मान ताठ ठेवून दरबारात नुसतं चालत येताना त्यांच्या चालीत राजा दिसतो. रावणाला लोक शिव्या देत आणि त्याचा प्रसंग कधी येतो याची वाटही बघत. ही दोन टोकं ज्यानं एकत्र बांधली तो नट.

आता उलटी बाजू. 'ब्रेकिंग बॅड' (२००८ ते २०१३, पाच सीझन, ६२ भाग) या अमेरिकन मालिकेत वॉल्टर हा रसायनशास्त्राचा शिक्षक कॅन्सर झाल्याचं कळल्यावर अमली पदार्थ बनवू लागतो. त्याची बायको स्कायलर त्याला अडवते, खोटं पकडते, मुलांना जपू बघते. आणि प्रेक्षकांनी राग काढला तो स्कायलरवर! तो राग पात्रापुरता राहिला नाही. ते काम करणाऱ्या ॲना गन यांनी ऑगस्ट २०१३ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लेख लिहून सांगितलं की पात्राचा द्वेष त्यांच्या स्वतःवर येऊन आदळतो आहे, जिवे मारण्याच्या भाषेपर्यंत. त्याच वर्षी आणि त्याच्या पुढच्या वर्षी त्यांना त्याच भूमिकेसाठी एमी, म्हणजे अमेरिकन टीव्हीचा मोठा पुरस्कार, मिळालं.

आमच्याकडे कुणी 'ती बाई डोक्यात जाते' म्हणालं की आम्ही विचारतो : कोणती बाई? पात्र की नटी? आणि डोक्यात जाते ती ती चुकीचं वागते म्हणून, की आपल्या आवडत्या माणसाच्या वाटेत उभी राहते म्हणून? स्कायलरच्या बाबतीत बहुतेकांचं उत्तर दुसरं निघतं, आणि मग चर्चेला खरी सुरुवात होते.

मग वाईट माणूस आवडला तर त्यात काही गैर आहे का?

अजिबात नाही. अण्णा नाईक कुणाला आवडले नाहीत? 'रात्रीस खेळ चाले'च्या २०१६ च्या पहिल्या पर्वात अण्णा सुरुवातीलाच गेलेले असतात. २०१९ मध्ये दुसरं पर्व आलं, मागच्या काळातलं, आणि त्यात माधव अभ्यंकरांनी अण्णा जिवंत उभे केले : गावावर दहशत, परक्या बायकांवर नजर, माणूस मारताना हात न थरथरणारा. आणि सगळा महाराष्ट्र, आणि आमच्यासारखे महाराष्ट्राबाहेरचेही, त्यांची वाट बघत बसले. बघण्यासारखं होतं ते अभ्यंकरांचं थांबणं. समोरचा बोलून संपला तरी अण्णा लगेच उत्तर देत नाहीत. तेवढ्या वेळात समोरच्याचा घसा कोरडा पडतो, आणि आपलाही.

पण अण्णांवर बोलताना माईंना विसरलात तर चर्चा लंगडी होईल. शकुंतला नरे यांच्या माई त्या घरात सगळं जाणून असतात. चुलीपाशी, दारात, ओटीच्या कडेला त्या उभ्या असतात, आणि अण्णा काय चीज आहेत हे आपल्याला अण्णांकडे बघून जेवढं कळतं त्याहून जास्त माईंच्या खांद्यांकडे बघून कळतं. दुष्ट माणसाचं वजन त्याच्या शेजारी राहणाऱ्या माणसावर मोजायचं, हा माझा आवडता मुद्दा आहे आणि तो मी दर वेळी मांडते. 'द सोप्रानोज'मध्ये (१९९९ ते २००७, ८६ भाग) टोनी सोप्रानो या गुंडाची बायको कार्मेला हे वजन उचलते. जेम्स गँडॉल्फिनी आणि ईडी फाल्को, दोघांनाही त्या मालिकेसाठी प्रत्येकी तीन एमी मिळाले. कार्मेलाला पैसा कुठून येतो ते माहीत असतं. ते माहीत असून ताट वाढणं फाल्कोनं ज्या सहजतेनं केलंय ते बघून अंगावर काटा येतो.

वाईट माणूस आवडावा. त्याचं वागणं बरोबर ठरवायला लागलो की मात्र थांबायचं.

अभिनय 'बघायचा' म्हणजे काय बघायचं? आम्हाला तर छान की वाईट एवढंच कळतं.

सुरुवातीला एकच करा : जो बोलत नाही त्याच्याकडे बघा. बोलणाऱ्याला संवादांचा आधार असतो. ऐकणाऱ्याकडे काहीच नसतं.

'दिल्ली क्राइम'चा पहिला सीझन (२०१९) घ्या. २०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराचा तपास त्यात आहे, आणि तो गुन्हा मालिकेनं दाखवलेला नाही. तो आपल्यापर्यंत पोचतो ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांवरून. शेफाली शाह यांची वर्तिका चतुर्वेदी ही वरिष्ठ पोलीस अधिकारी आहे, तिला रडायची मुभा नाही. त्यामुळे सगळं डोळ्यांत आणि जबड्यात साठतं. हाताखालच्या माणसांना सूचना देताना तिचा आवाज सपाट आहे आणि डोळे मात्र अजून इस्पितळातच आहेत. नोव्हेंबर २०२० मध्ये या मालिकेला सर्वोत्तम नाट्यमालिकेचं आंतरराष्ट्रीय एमी मिळालं. भारतीय मालिकेला ते पहिल्यांदाच मिळत होतं.

'पाताल लोक'मध्ये (२०२०) अभिषेक बॅनर्जींचा हातोडा त्यागी जवळजवळ बोलतच नाही. मान किंचित खाली, नजर वर. एवढ्यावर भीती वाटते. आणि त्याच चेहऱ्यावर कुत्र्यांविषयीची माया दिसते तेव्हा आपण गोंधळतो. 'पंचायत'च्या दुसऱ्या सीझनचा (२०२२) शेवटचा भाग आठवा. तोवर प्रल्हाद हा हसता-खिदळता उपप्रधान. फैजल मलिक यांना त्या भागात फारसे शब्द नाहीत. गाव भोवती जमलंय आणि हा माणूस नुसता उभा आहे. आमच्याकडे त्या प्रसंगावर कुणीही लगेच बोलू शकलं नव्हतं.

आता एक प्रसंग सावकाश. ज्यांनी 'ब्रेकिंग बॅड' पाहिली नाही त्यांनी हा परिच्छेद सोडावा. पाचव्या सीझनचा चौदावा भाग. वॉल्टर घरातून पळालाय आणि बायकोला फोन करतो. पोलीस ऐकत आहेत हे त्याला ठाऊक आहे. तो तिला वाट्टेल तसं बोलतो, तुला काही अक्कल नाही, सगळं मी एकट्यानं केलं, तू नेहमी आडवीच आलीस. नुसता आवाज ऐकला तर हा राक्षस आहे. कॅमेरा त्याच्या तोंडावर जातो तेव्हा तो रडतोय. कारण हे सगळं तो तिला गुन्ह्यातून सोडवण्यासाठी बोलतोय, पोलिसांना ऐकवण्यासाठी. ब्रायन क्रॅन्स्टननं आवाज आणि चेहरा एकमेकांच्या विरुद्ध चालवलेत आणि दोन्ही खरे आहेत, कारण त्या शिव्यांतला थोडा भाग त्याच्या मनातलाही आहे. पण मी तुम्हाला बघायला सांगेन ते फोनच्या दुसऱ्या टोकाला. ॲना गनचा चेहरा आधी नुसता भेदरलेला आहे. मग मध्येच कुठेतरी तिला कळतं की हा काय करतोय. भुवई हलत नाही, संवाद नाही, आणि तरी तो क्षण आपल्याला बोट ठेवून दाखवता येतो. हा भाग आम्ही फोनवरचं बोलणं बंद करून, म्हणजे आवाज पूर्ण घालवून, परत लावला. तरीही तो क्षण तिथेच होता.

अरुंधती भारी की अनुपमा?

हा प्रश्न बडोद्यात जितका विचारला जातो तितका पुण्यात विचारला जात नसेल, कारण आपल्या घरांत दोन्ही लागतात. सासूबाई मराठी लावतात, शेजारच्या बेन हिंदी, आणि संध्याकाळी गच्चीवर कपडे काढताना दोघींची तुलना.

आधी माहिती. मूळ कथा बंगाली : २०१९ मध्ये सुरू झालेली 'श्रीमोयी', इंद्राणी हलदर यांची. त्यावरून डिसेंबर २०१९ मध्ये मराठीत 'आई कुठे काय करते' आली आणि जुलै २०२० मध्ये हिंदीत 'अनुपमा'. मराठी मालिका २०२४ मध्ये संपली. तिन्हींचा गाभा एक : पंचवीस वर्षं घरासाठी राबलेली बाई, तिला कमी लेखणारं घर, ऑफिसातल्या बाईत गुंतलेला नवरा, आणि मग तिचं स्वतःच्या पायावर उभं राहणं.

मधुराणी प्रभुलकरांची अरुंधती आवाज चढवत नाही. सुरुवातीच्या भागांत ती वाक्य सुरू करते आणि समोरचा बोलू लागला की अर्ध्यावर सोडून देते. त्या अर्ध्या वाक्यांत सगळा संसार आहे. पुढे तिला गाणं परत सापडतं. मधुराणी स्वतः गाणाऱ्या, त्यामुळे तानपुऱ्याशेजारी बसण्यात खोटेपणा नाही. बदल दिसतो तो वाक्यं पूर्ण व्हायला लागतात त्यात. किती हळू झालंय ते! अनेकांना तो बदल जाणवला, पण कशात झाला ते सांगता येत नव्हतं.

रूपाली गांगुलींची अनुपमा वेगळ्या मातीची. अहमदाबादचं शाह कुटुंब, सगळं उघड, मोठ्यानं, हात हलवत. अश्रू चटकन, हसू चटकन. तिचं 'आपको क्या' हे लांबलचक उत्तर २०२२ मध्ये घराघरांत वाजत होतं. हा अभिनय भडक आहे असं कट्ट्यावरची निम्मी माणसं म्हणतात. मला तसं वाटत नाही. आपल्या आजूबाजूच्या गुजराती घरांत भावना अशाच उघड मांडतात, ओट्यावर, सगळ्यांसमोर, आणि त्यात काहीही खोटं नसतं. रूपाली जन्मानं बंगाली. 'साराभाई वर्सेस साराभाई'मध्ये (२००४) त्यांनी दिल्लीकर पंजाबी मोनिषा धमाल केली होती. तिथून इथवर येणं सोपं काम नाही.

मराठीला एक फायदा होता : सासरे अप्पा. किशोर महाबोले यांचे अप्पा सुनेच्या बाजूनं उभे राहतात तेव्हा ते तत्त्वासाठी उभे राहिल्यासारखे दिसत नाहीत, ओशाळलेले दिसतात, मुलगा आपणच वाढवला म्हणून. हिंदीत बापूजी झालेले अरविंद वैद्य गुजराती रंगभूमीचे जुने जाणते दिग्दर्शक-नट, आणि बा झालेल्या अल्पना बुचही तिथल्याच. ती जोडी बसली की प्रसंग घरातला होतो. नवऱ्याच्या कामात मिलिंद गवळी मला सरस वाटतात. त्यांचा अनिरुद्ध स्वतःला सतत अन्याय झालेला समजतो, आणि असे पुरुष मी लग्नसमारंभांत पुष्कळ बघते.

म्हणजे भारी कोण? पहिल्या वर्षाची अरुंधती. त्यानंतर दोन्ही मालिका लांबत गेल्या, कथा जिथे संपायला हवी होती त्याच्या पुढे चालली, आणि दोघी नटी त्या लांबलेल्या कथेला एकट्यानं ओढत राहिल्या.

रोजची मालिका आणि आठ-दहा भागांची वेब मालिका एकाच मापानं मोजता का?

नाही. आणि हे समजून घेतलं नाही तर रोजच्या मालिकांतल्या नटांवर अन्याय होतो.

रोजच्या मालिकेत साधारण वीस-बावीस मिनिटांचा भाग दिवसाला उतरवावा लागतो. शिफ्ट बारा-तेरा तासांची. संवाद कित्येकदा सकाळी सेटवरच हातात पडतात. पुढच्या महिन्यात आपलं पात्र काय करणार हे नटाला माहीत नसतं, कारण ते लेखकाचंही ठरलेलं नसतं. आधी चित्रित करून ठेवलेल्या भागांची 'बँक' संपली की धावपळ. त्यात कॅमेरा तीन वेळा तोंडावर आपटतो आणि ढोल वाजतो, ते नटाच्या हातात नसतं. याउलट अमेरिकन नाट्यमालिकेच्या एका तासाभराच्या भागाला आठ-दहा दिवस मिळतात. क्रॅन्स्टनला वॉल्टरची पडेल खांद्यांची चाल, विरळ मिशी, फिके कपडे हे सगळं आधी ठरवायला वेळ होता. ती चाल त्यानं स्वतःच्या वडिलांवरून घेतली.

म्हणून रोजच्या मालिकेत आम्ही सलग काम बघत नाही, कोपरे बघतो. आठवड्यात एखादा क्षण मिळतो, जिथे घाईतही नटानं काहीतरी नेमकं केलं. तो क्षण टिपून ठेवा आणि रविवारी सांगा. रोज काम करून पाच वर्षं पात्राचा सूर न सोडणं ही स्वतंत्र ताकद आहे, आणि तिला पुरस्कार नाहीत.

'स्कॅम १९९२'मधलं प्रतीक गांधींचं गुजराती वळणाचं हिंदी तुम्हाला खरं वाटलं का?

वाटलं. बडोद्याच्या कानाला पटणं ही साधी परीक्षा नाही.

हिंदी पडद्यावर गुजराती माणूस म्हटला की फाफडा, ढोकळा आणि 'स्नॅक्स'चं 'स्नेक्स'. प्रतीक गांधींनी शेअरदलाल हर्षद मेहता करताना यातलं काहीही केलं नाही. त्यांचं गुजरातीपण लयीत आहे : वाक्याच्या शेवटी किंचित वर जाणारा सूर, घरात भावाशी बोलताना वाढणारा वेग, आणि बँकेच्या साहेबांसमोर जपून उच्चारलेले शब्द. म्हणजे एकाच माणसाची दोन हिंदी. हर्षद मेहता काठियावाडात जन्मले, पण लहानपण कांदिवलीत आणि पुढे रायपूरला गेलं, त्यामुळे गावाकडचा ठसका कमी असणं योग्यच. प्रतीक सुरतचे, इंजिनियरिंग जळगावला केलं, आणि गुजराती नाटकांत वर्षानुवर्षं काम केल्यावर ऑक्टोबर २०२० मध्ये देशभर ओळखले गेले. भाऊ अश्विनचं काम करणारे हेमंत खेरही तितकेच मोलाचे. मोठ्या भावाच्या सावलीत राहून, त्याच्यावर विश्वास ठेवून खचत जाणारा धाकटा. लोक इश्क आणि रिस्कवाला संवाद म्हणतात, मला मात्र या दोन भावांचं एकमेकांकडे बघणं जास्त आठवतं.

उच्चार हा अभिनयाचा मोठा भाग आहे, पण तो दिसू नये यातच त्याचं चांगलेपण. 'द वायर'मधले (२००२ ते २००८) बाल्टिमोरचे दोन प्रमुख चेहरे, इद्रिस एल्बा आणि डॉमिनिक वेस्ट, दोघे इंग्लंडचे. एल्बानं तर ऑडिशनला आपण लंडनचे हे कळूच दिलं नव्हतं.

आणि आपल्या बडोद्याचा अभिमान इथे सांगायलाच हवा. सरिता जोशी या भोसले घराण्यातल्या, पुण्यात जन्मलेल्या, बडोद्यात वाढलेल्या. मराठी घरातली ही मुलगी गुजराती रंगभूमीची सम्राज्ञी झाली. त्यांची बहीण पद्माराणी, तीही त्याच रंगभूमीवर गाजली. २००५ मध्ये सुरू झालेल्या 'बा बहू और बेबी'मधली सरिताबेनची बा बघा : ओरडणं, मायेनं घास भरवणं आणि लबाडी, तिन्ही एका दमात. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. परक्या भाषेत काम करणं म्हणजे काय असं कुणी विचारलं की आम्ही बा दाखवतो.

मालिकेत मध्येच नट बदलला तर पात्र संपतं का?

नव्या नटीनं जुनीची नक्कल केली तर संपतं. 'आई कुठे काय करते'मध्ये संजनाचं, म्हणजे नवऱ्याच्या ऑफिसातल्या त्या बाईचं काम आधी दीपाली पानसरे करत होत्या, मग रूपाली भोसले आल्या. रूपालींनी संजनाला वेगळी धार दिली आणि महिन्याभरात लोक जुनी विसरले. 'रात्रीस खेळ चाले'मधल्या शेवंताचं तसं झालं नाही. अपूर्वा नेमळेकरांची शेवंता इतकी मनात बसली होती की तिसऱ्या पर्वात कृतिका तुळसकर आल्या तेव्हा प्रेक्षक त्यांच्यात अपूर्वाच शोधत राहिले. ते कृतिकांवर अन्यायाचं होतं.

'द क्राउन'नं हा प्रश्नच उलटा केला. दर दोन सीझननंतर सगळा संच बदलायचा असं आधीच ठरलेलं. एलिझाबेथ राणीसाठी क्लेअर फॉय, मग ऑलिव्हिया कोलमन, मग इमेल्डा स्टाँटन. पहिल्या दोघींना त्यासाठी एमी मिळालं. फॉयची राणी भावना गिळायला शिकत असते, कोलमनची राणी गिळून चुकलेली असते. वय वाढलं की माणूस दुसराच होतो, हे त्या बदलानं मेकअपपेक्षा जास्त सांगितलं.

पुरस्कार मिळालेल्याच मालिका बघता का?

नाही. 'द वायर'ला एकही एमी नाही. 'बेटर कॉल सॉल'ला ५३ नामांकनं होती, जिंकली शून्य. रिया सीहॉर्नची किम वेक्सलर ज्यांनी पाहिलीय त्यांना याहून वेगळं काही सांगायला नको.

जुन्या दूरदर्शनच्या मालिका खरंच चांगल्या होत्या, की आपल्या आठवणी गोड आहेत?

सगळ्या नव्हत्या. पण 'तमस' (१९८८) आजही लावा. गोविंद निहलानींचं दिग्दर्शन, फाळणीच्या वेळचं पंजाब. ओम पुरींचा नथ्थू डुक्कर मारायला धडपडतो त्या सुरुवातीच्या लांब प्रसंगातच पुढच्या सगळ्या विनाशाची भीती आहे. कादंबरीकार भीष्म साहनी स्वतः त्यात म्हातारे हरनामसिंग झालेत आणि त्यांच्या बायकोचं, बंतोचं काम दीना पाठक यांनी केलंय. गुजराती लोकनाट्यातलं आणि रंगभूमीवरचं त्यांचं काम ज्यांच्या घरी बोललं जायचं त्यांना हे वेगळं सांगायला नको. या दोघांना आसरा देणारी राजो म्हणजे सुरेखा सीकरी. घरातले पुरुष लुटायला गेलेत आणि ही बाई दारात उभी राहून ठरवतेय. दया आणि भीती तिच्या चेहऱ्यावर आळीपाळीनं येत नाहीत, एकाच वेळी आहेत. त्यांना या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. वीस वर्षांनी याच सुरेखा सीकरी 'बालिका वधू'च्या कठोर दादीसा झाल्या. दोन्ही लागोपाठ बघून या, मग बोलू.

इंग्रजी मालिका हिंदीत डब केलेल्या बघितल्या तर चालतील?

कथा कळेल. अभिनय अर्धा जाईल. टोनी सोप्रानो चिडायच्या आधी गँडॉल्फिनीचा नाकातून जड श्वास ऐकू येतो. डबिंगमध्ये तो श्वासच राहत नाही. ज्यांना खालची अक्षरं वाचायला त्रास होतो त्यांच्या शेजारी आमच्याकडे कुणीतरी बसतं आणि हळू आवाजात मराठीत सांगतं.

शेवट फोडलेला चालतो का?

ज्या मालिकेवर बोलायचं ती दोन आठवडे आधी सांगितलेली असते. ती बघून या, त्यावर सगळं बोललं जाईल. इतर कुठल्याही मालिकेचा शेवट विचारल्याशिवाय सांगायचा नाही.

नटांच्या घरगुती गोष्टींवर बोलता का?

नाही. घटस्फोट, भांडणं, कोण कुणाबरोबर दिसलं, हे कुणी काढलं तर विषय बदलतो. त्यांचं काम आपलं, त्यांचं घर त्यांचं.

मी पहिल्यांदाच येणार. कुठून सुरुवात करू?

फार हिंसा आणि शिव्या चालत नसतील तर 'पंचायत'. चारही सीझन एकदम संपवू नका, दुसरा संपल्यावर थांबा आणि प्रल्हादसाठी पहिला परत बघा. गंभीर चालत असेल तर 'दिल्ली क्राइम'चा पहिला सीझन. सातच भाग आहेत, पण रात्री एकट्यानं बघू नका. इंग्रजीची सवय नसेल तर 'द वायर'नं सुरू करू नका. 'ब्रेकिंग बॅड' आधी घ्या आणि पहिले तीन-चार भाग संथ वाटले तरी सोडू नका.

पंधरा-सोळा वर्षांची मुलं आईबाबांबरोबर येतात, त्या रविवारी मालिका तशी निवडतो. नवरात्रात कट्टा बंद असतो, सगळे गरब्याला. दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी 'तमस' आहे, तीन बैठकींत. पहिल्या बैठकीला नथ्थूचा तो प्रसंग बघून यायचं.